राखीव जागेतली गाडी

"भरून टाका," बॅम्पी, म्हणजे एलेरीचे आजोबा, तिसऱ्यांदा म्हणाले. "चौदा दिवसांत भरलं तर निम्म्यात सुटतं."

"चूकच केली नाही तर निम्मे तरी का भरायचे?" एलेरीने पत्र त्यांच्या हाताला लागणार नाही इतकं उंच धरलं. "आणि हा पोलिसांचा दंड नाहीये, बॅम्पी. कंपनीची नोटीस आहे. भांडता येतं!"

पत्र तिच्या आजीच्या, नॅनच्या नावाने आलं होतं, कारण गाडी नॅनच्या नावावर होती. कार्डिफमध्ये दुकानांमागचा एक खासगी वाहनतळ. गुरुवार, सकाळचे दहा चाळीस. गाडी दिव्यांगांसाठी राखीव जागेत उभी, वैध निळा बॅज दिसला नाही.

आजारामुळे चालणं जड जातं अशा माणसाला त्याच्या नावाने मिळणारा, गाडीच्या काचेमागे ठेवायचा हा निळा बॅज नॅनकडे होता. संधिवाताने तिचे दोन्ही गुडघे गेले होते. पण त्या गुरुवारी बॅज तिच्या पर्समध्ये होता आणि ती स्वतः केस सेट करायला बसली होती. बॅम्पी दर गुरुवारी टेकडीवरच्या आपल्या भाजीच्या वाफ्यावर असत. कार्डिफ तिथून वीस मैल.

"कॅमेऱ्याने नंबर चुकीचा वाचलाय, बास," एलेरी म्हणाली. ती पंधरा वर्षांची होती. गेल्याच महिन्यात तिने शाळेची वादस्पर्धा जिंकली होती आणि तेव्हापासून चिप्सवाल्यालाही ती मुद्देसूद बोलल्याशिवाय सोडत नव्हती.

नॅन हसली नाही. धडधाकट माणसाने अशी जागा अडवली की ती त्याच्या काचेवर चिठ्ठी लावायची. 'पाय चांगले आहेत ना? मग थोडे चालवा.' सगळं गाव त्या चिठ्ठ्यांना वचकून होतं.

"फोटो मागव," ती एलेरीला म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. "एमरिस, गाडी आपलीच निघाली, तर मला एवढंच सांग, तिथे कुणासाठी गेला होतास. आणि मग स्वान्सीला बहिणीकडे राहायला जा. चव्वेचाळीस वर्षं झाली. या घरात खोटं चालणार नाही."

बॅम्पींनी खुंटीवरची टोपी घेतली आणि ते मागच्या अंगणात गेले.

एलेरीने तक्रार लिहिली. झोकात लिहिली. नॅनने वाकड्या बोटाने बटण दाबलं.

उत्तराची वाट पाहण्यात तीन आठवडे गेले. त्या तीन आठवड्यांत नॅन बॅम्पींकडे बारकाईने बघायला लागली.

"लीक फारच गोरीपान आहे रे," एका गुरुवारी बॅम्पींनी आणलेली कांद्याच्या पातीसारखी ती जुडी उलटीपालटी करत ती म्हणाली. "वाफ्यातली माती कुठे गेली?"

"धुतली."

"धुतली? चव्वेचाळीस वर्षांत चहाचा कप धुतला नाहीस!"

एलेरी खो खो हसली. मग तिने नॅनचा चेहरा पाहिला आणि हसू आवरलं.

बॅम्पी वर जाऊन झोपल्यावर नॅन हलक्या आवाजात म्हणाली, "पट्ट्याला दोन नवी भोकं पाडलीत. गुरुवारी चॅपलला प्रार्थनेसाठी घालायचा चांगला शर्ट. आल्यावर धड जेवत नाही. या वयात पुरुष एवढा बारीक होतो तो एकाच कारणाने."

"नॅन!"

"नॅन काय नॅन. बाई आहे कुणीतरी."

"तुझ्यासाठी जिन्याला कठडा बसवला त्यांनी. स्वतःच्या हाताने!"

"हो ना," नॅन म्हणाली. "म्हणूनच जास्त लागतंय."

दुसऱ्या दिवशी शाळेच्या बसथांब्यावर बॅम्पी गाडी घेऊन आले. एलेरी बसली तरी त्यांनी गाडी सुरू केली नाही.

"ती तक्रार मागे घेता येईल का गं, बाळा?"

"का?"

"तुझ्या नॅनला त्रास होईल."

म्हणजे काहीतरी होतंच. "मग खरं काय ते सांगून टाका तिला."

"सांगणार आहे. तिच्या गुडघ्यांचं ऑपरेशन एकदा होऊ दे. पाच वर्षं नंबर लावून बसलीय, आता कुठे नोव्हेंबरची तारीख मिळालीय. हे कळलं तर ती टेबलावर चढायची नाही."

एलेरीने कानात इअरफोन घातले.

उत्तर शनिवारी सकाळी आलं. तिघंही स्वयंपाकघरात होती. एलेरीने फोनवर वाचायला सुरुवात केली आणि तिचा आवाज उतरत गेला. गाडी त्यांचीच होती. डाव्या दाराचा पोचासुद्धा फोटोत दिसत होता. काचेमागे निळा बॅज होता, पण उलटा ठेवलेला. क्रमांक आणि मुदत खालच्या बाजूला गेल्याने तो वैध धरता येत नाही. मागणी कायम.

"बॅज होता?" नॅनने पर्स ओढली, स्वतःचा बॅज काढून टेबलावर आपटला. "माझा तर हा इथे आहे. मग तो तिचा! माझ्यासारखीच एखादी लंगडी शोधलीस होय रे, एमरिस?"

"ग्वेनिथ," बॅम्पी म्हणाले. ते सिंकला टेकून उभे होते. "राहू दे."

"उलटा ठेवलाय ना? म्हणजे फोटो आणि नाव वर आलं. मला ठाऊक आहे, माझ्याही बॅजवर मागेच असतं. एलेरी, मोठं कर ते."

एलेरीने बॅम्पींकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते. तिने दोन बोटांनी फोटो मोठा केला, मग आणखी मोठा केला.

"दिसली का?" नॅन म्हणाली. "माझा चष्मा वर राहिलाय. नाव वाच तिचं."

एलेरीने फोन डोळ्यांजवळ नेला.

"वाच म्हणते ना!"

"एमरिस प्रोबर्ट," एलेरीने वाचलं.