सर्वांत चांगलं जनावर

मुलांनो, समजा आपण पाचशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमधल्या एका खेड्यात आलो आहोत. झोपडीत विधवा मार्जरीआजी शेवटच्या घटका मोजते आहे आणि दारात जमीनदाराचा कारभारी दोरी घेऊन ताटकळला आहे. तिथला नियमच तसा होता: कूळ मेलं की त्याच्या घरातलं सर्वांत चांगलं जनावर जमीनदाराचं.

"लिहा, पाद्रीबाबा," आजी म्हणाली. "पलंग सुनेला. तशीही ती सदा झोपलेलीच असते."

"आणि गाय?" कारभाऱ्यानं दारातूनच विचारलं.

"ती मृत्युपत्रात नाही. ती मी आत्ताच, जिवंतपणी, नातीला दिली. सिसली, ने गं तिला तुझ्या घरी!"

"मग मागे काय उरलं?"

"बोकड."

बोकड एका डोळ्यानं आंधळा होता आणि चावराही. त्याच्या वासानं पाद्रीबाबा दोनदा बाहेर जाऊन आले होते.

सिसलीनं गाय घरी नेऊन बांधली. मग परत येऊन तिनं आजीच्या फणीनं बोकडाची दाढी विंचरली, कारभाऱ्याच्या हातातली दोरी बोकडाच्या गळ्यात बांधली आणि टोक परत कारभाऱ्याला दिलं.

"आजी जाईपर्यंत ओळख करून घ्या, काका."