डावी पापणी

"भाजीत मीठ जास्त झालंय," नवरा म्हणाला.

तिने चटकन त्याच्या डाव्या डोळ्याकडे पाहिलं. पापणी जागची हलली नाही.

लग्न झाल्यापासून ही पापणी म्हणजे तिच्या हातातला हुकमाचा एक्का होता. नवरा खोटं बोलला रे बोलला की ती फडफडायची. 'भाजी मस्त झालीय' म्हणाला की फडफड. 'तुझ्या आईला फोन करणारच होतो' म्हणाला की दुप्पट फडफड. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती, दिवसभर लोकांच्या डोळ्यांत डोळे घालून बसायची. पण इतका प्रामाणिक डोळा तिने दुसरा पाहिला नव्हता. माणूस थापाड्या, डोळा मात्र सरळमार्गी. दोघं यावर पोट धरून हसायची.

मग नवऱ्याच्या प्रयोगशाळेत घारी आली.

नवरा तिथे एका विषावर काम करायचा. खराब झालेल्या डबाबंद अन्नात जिवाणू वाढतात, त्यांचं विष. "ते नसेला मारत नाही," तो जेवताना रंगात येऊन सांगायचा. "फक्त तिची बोलती बंद करतं. नस निरोप घेऊन स्नायूच्या दारापर्यंत येते, पण निरोप आत पोचतच नाही. स्नायू बिचारा वाट बघत ढिम्म पडून राहतो. नस निरोप देते तरी कशी, हे आम्हाला या विषामुळेच कळतं."

त्या खोलीत एकट्याने काम करायचं नाही, कायम दोघांनी, असा नियम होता. आधी त्याच्या जोडीला एक टकले गृहस्थ होते. तेव्हा तिला नियम फार शहाणपणाचा वाटायचा. ते निवृत्त झाले, त्यांच्या जागी ही घाऱ्या डोळ्यांची बाई आली आणि नियमातला शहाणपणा संपला.

घारी एकदा दुकानात चष्मा घ्यायला आली होती. तिला प्रत्येक फ्रेम शोभत होती, हा तर कहरच. हिने मुद्दाम सगळ्यात जाड, काळी फ्रेम पुढे केली. घारीला तीही शोभली.

त्या दिवसापासून तिच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. बंद खोली, दोघंच, तोंडावर मास्क, म्हणजे बोलणं सगळं डोळ्यांनी. नोकरीच्या सुरुवातीला नवऱ्याला तिथली लस टोचली तेव्हा दंड टरारून सुजला होता आणि तो तिनेच शेकला होता. आता घारीचा दंड कोण शेकत असेल, असाही विचार तिला चाटून गेला.

एकदा तो उशिरा आला. "मीटिंग होती," म्हणाला. पापणी फडफडली. घारीचा वाढदिवस होता, केक कापला होता. त्यावरून घर डोक्यावर घेण्यात आलं.

"बरं बाई, चुकलो," त्याने हात जोडले. "यापुढे बारीकसारीकसुद्धा खोटं बोलणार नाही."

असली वचनं नवरे जांभई दिल्यासारखी देतात. तिने लक्ष दिलं नाही.

त्यानंतर पापणी गप्प झाली. भाजी खारट म्हणाला, ती गप्प. हा रंग तुला शोभत नाही म्हणाला, तरी गप्पच. एवढं तोंड वर करून बोलायला याला शिकवलं कोणी? तिचा तिळपापड झाला.

उत्तर दुकानात मिळालं. बँकेतल्या एक बाई नवा चष्मा न्यायला आल्या. पूर्वी त्यांच्या पापण्या सारख्या फडफडायच्या, मध्येच गच्च मिटायच्या. आता डोळे शांत होते.

"इंजेक्शन घेतलं," बाई म्हणाल्या. "कसलंसं विषच असतं म्हणे, कणभर. तीन-चार महिने पापण्या चिडीचूप."

तिला नवऱ्याच्या प्रयोगशाळेतलं विष आठवलं.

घरी आल्यावर तिने त्याचा चेहरा दिव्याकडे वळवला. डाव्या डोळ्याच्या कडेला लाल ठिपका होता.

"हे काय?"

"कामाचा चष्मा टोचतो. पट्टा घट्ट आहे."

पापणी हलली नाही. रोज गिऱ्हाइकांच्या नाकावरचे असले ठिपके बघून ती फ्रेम सैल करून द्यायची. पण हा ठिपका तिला सुईचाच दिसला. तिने विषाचं नावही काढलं नाही, नाहीतर सारवासारव करायला त्याला वाव मिळाला असता.

"घारीचं आणि तुझं काही आहे?"

"नाही."

"माझ्यावर प्रेम आहे?"

"आहे," तो म्हणाला. तिच्याकडे सरळ बघत म्हणाला.

"शाब्बास!" ती हसली. "आता तुझा डोळासुद्धा थापा मारायला शिकला."

"म्हणजे काय?"

तिने सांगितलं नाही. तो पुन्हा पुन्हा विचारत राहिला, मग थकला, मग विचारेनासा झाला. पुढे घटस्फोट झाला. तो दूरच्या दुसऱ्या प्रयोगशाळेत बदली घेऊन गेला आणि तिथेच त्याने नवा संसार मांडला. बायको घारी नव्हती, एवढंच तिला थोडं खटकलं.

आणि एके दिवशी घारी दुकानात आली. तीच काळी फ्रेम, काडी मोडलेली.

"तुम्हाला खरं सांगू?" काडी बसेपर्यंत घारी म्हणाली. "मला तुमचा फार हेवा वाटायचा. मी त्याला एकदा विचारलं होतं. बायकोवर प्रेम आहे म्हणून त्याने मला उडवून लावलं."

"मलाही असंच म्हणाला होता," ती स्क्रू पिळत म्हणाली. "पापणीसुद्धा न हलवता. हलेल कशी? तुमच्या कपाटातलं विष टोचून घेतलं होतं ना डोळ्यापाशी."



"अहो, त्या खोलीत जायच्या आधी आम्हाला त्याच विषावरची लस देतात," घारी हळूच म्हणाली. "ती घेतली की ते विष टोचलं तरी अंगाला लागतच नाही. त्याच्या पापणीवर तर ते जन्मात चाललं नसतं."