भिंतीवरची आत्या

"ह्या कोण हो? नथ काय शोभतेय!" मला बघायला आलेल्या मुलाची आई पोह्यांची बशी हातात घेऊन भिंतीवरच्या फोटोपुढे थांबली.

फोटोतल्या नऊवारीत माझे वडील होते. आबा आधी नाटकात नायिका व्हायचे. पुढे सिनेमात उभी राहायला बाई मिळेना, तेव्हा मूकपटांतही तेच नायिका झाले. बोलपट आले, तोवर नाटकातला बायकी आवाज राहिला नव्हता; काम संपलं. पण कुणी फोटोचं कौतुक केलं की पदर सावरायला त्यांचा हात अजून खांद्याकडे जायचा. आत्ताही गेला.

'लुगडं नेसणाऱ्याची मुलगी' म्हणून दोन स्थळं परत गेली होती. आबांनी तोंड उघडायच्या आत मीच म्हणाले, "आत्या आहे माझी."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. नाटकात कुणी भलतंच वाक्य बोलून बसलं, की सांभाळून घेणारा नट पाहतो ना, तसं.

"हो, धाकटी बहीण माझी," ते म्हणाले. "लवकर गेली बिचारी."

"अगंबाई! कशानं?"

"आवाज गेला तिचा. मग राहिली नाही."

स्थळ जमलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर आबा स्टुलावर चढून त्या फोटोला चंदनाचा हार घालत होते.

"आबा, हे काय?"

"अगं, तुझ्या सासरची माणसं आता येत राहतील. गेलेल्या माणसाच्या फोटोला हार नको? स्टूल धर जरा, हलतंय."

मी स्टूल धरलं. मान वर करायचा धीर मात्र झाला नाही.