धाकटीची शेवटची कॅसेट

सकाळी दहाला रेडिओ दुरुस्त करणाऱ्याने दुकान उघडलं आणि धाकट्या बहिणीची कॅसेट लावली. बहीण वारली त्याला आज चार महिने झाले.

लग्न होऊन ती दूर गेल्यापासून दोघांचा रिवाज होता. आवडतं गाणं भरायचं, मागोमाग त्याची आठवण स्वतःच्या आवाजात सांगायची आणि कॅसेट पोस्टाने धाडायची. ही तिची शेवटची.

पहिल्यांदा ऐकली तेव्हा ती खिदळत म्हणाली होती, "दादा, हे गाणं लागलं होतं आणि तू मला सायकलवरून पाडलंस. पिवळा फ्रॉक फाटला माझा, आणि भोकाड पसरलंस तू! रडूबाई कुठला!"

गेल्या आठवड्यात कॅसेटवरच्या तिच्या बोलण्यातून फ्रॉकचा रंग गेला. परवा सायकल गेली. गाणं मात्र जसंच्या तसं होतं. त्याने दुसऱ्या यंत्रावर लावून पाहिलं, तरी तेच. त्यावर पुन्हा काही भरलं जाऊ नये म्हणून कॅसेटची मागची पट्टी त्याने पहिल्याच दिवशी मोडली होती.

"वन्सं काल पडल्याचं तरी बोलल्या होत्या," बायको हळूच म्हणाली. "अहो, नका लावू रोज. ऐकाल तेवढं कमी होतंय."

"आणि न ऐकता राहू कसा?"

गाणं संपलं. बोलण्याआधीचा तिचा श्वास ऐकू आला.

"छान आहे ना? माझ्या आवडीचं आहे," परक्या माणसाशी बोलावं तशी ती अदबीने म्हणाली. "तुम्हाला कुठे मिळाली ही कॅसेट?"

टेप अजून फिरतेय. ती उत्तरासाठी थांबलीय.