कोरडी पट्टी

हॉस्पिटलात गोठवलेले नमुने सांभाळणाऱ्या थंडीताईंनी टाकीत लाकडी पट्टी सोडली, मनात पंधरापर्यंत आकडे मोजले आणि बाहेर काढून हवेत हलवली. पट्टी कोरडी. त्यांनी पुन्हा सोडली, पुन्हा काढली. आत द्रव नायट्रोजन असला की पट्टीवर तेवढ्या उंचीचा पांढरा बर्फ चढतो. अकरा वर्षांत तो चढला नाही असं एकदाही झालं नव्हतं.

लेकीच्या बाळंतपणाला त्या आठ दिवस रजेवर होत्या. जाताना टाकी भरून, शेजारी भरलेला कॅन ठेवून, भिंतीवर चिठ्ठी चिकटवून गेल्या होत्या : 'सोमवारी यातून भरणे. विसरू नये.' चिठ्ठी जागेवर होती. कॅन नव्हता.

"कॅन कुठं गेला?" त्यांनी शिपायाला विचारलं.

"स्टेजवर. हॉस्पिटलच्या वाढदिवसाला मोठ्या डॉक्टरांना धूर हवा होता. ताई, काय धूर झाला म्हणून सांगू! पाहुणे अगदी ढगातून चालत आले. कॅन पुरेना, मग टाकीतलंही काढून नेलं."

थंडीताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पट्टी हातात तशीच धरून त्या मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत घुसल्या. दार वाजवायचं भान कुणाला होतं! "धुरापायी टाकी कोरडी केलीत!"

"अहो बाई, नायट्रोजनच तर आहे," डॉक्टर हसून म्हणाले. "आपण श्वास घेतो त्या हवेत तोच जास्त असतो. उद्या मागवू की."

"नायट्रोजन उद्या येईल. टाकीतल्या नळ्यांमधले नमुने मेले, ते कुठून मागवायचे? बाहेर तो बसड्रायव्हर येऊन बसलाय."

डॉक्टरांचं हसू मावळलं. चार वर्षांपूर्वी, कॅन्सरची औषधं सुरू होण्याआधी, ड्रायव्हर आपलं बीज तीन नळ्यांत इथं ठेवून गेला होता. औषधांनी त्याला वाचवलं, पण पुन्हा बीज देण्याची ताकद कायमची नेली. आता आजार गेला होता, आणि आज तो बायकोला घेऊन आला होता. मूल व्हायचं तर त्या तीन नळ्यांतूनच.

"असं सांगा," डॉक्टर म्हणाले, "की नमुना मुळातच कमजोर होता. टिकला नाही."

आयजीच्या जिवावर बायजी उदार, ते एक वेळ समजून घेता येईल. पण वर त्या आयजीलाच दोष द्यायचा?

"धूर तुमचा आणि खोट त्याच्यात?" थंडीताईंचा आवाज चढला. "मला नाही जमायचं हे."

"नोकरीचा विचार करा."

"करा तुम्हीच," म्हणून त्या बाहेर पडल्या.

बाहेरच्या बाकावर ड्रायव्हर नवा शर्ट घालून बसला होता. समोरच्या टीव्हीवर वाढदिवसाचा सोहळा लावून ठेवलेला. बायको मान वर करून बघत होती.

"ताई, हे इथलंच ना?" ती म्हणाली. "किती छान केलंय!"

ड्रायव्हर उठून उभा राहिला. "काय ताई, आमचं पोर गारठलं नाही ना? चार वर्षं थंडीत ठेवलंत त्याला."

रोज अशा थट्टेला थंडीताई तोडीस तोड उत्तर देत. आज त्यांनी पट्टी पुढे केली.

"हात लावून बघा."

त्यानं बोटं फिरवली. "गार नाही लागत."

"लागायला हवी होती. टाकीत सोडली की हिच्यावर बर्फ चढतो. आज चढला नाही. तुमच्या नळ्या त्याच टाकीत होत्या."

तो पट्टीकडे बघत राहिला. मग टीव्हीकडे. तिथं स्टेजच्या पायऱ्यांवरून पांढरे लोट खाली सांडत होते आणि मोठे डॉक्टर त्यात गुडघाभर उभे राहून फीत कापत होते.

"ताई," त्यानं हळूच विचारलं, "तो धूर कसला?"

मागं खोलीचं दार उघडलं. "बाई!" डॉक्टर ओरडले. थंडीताईंनी वळून पाहिलं नाही.

"तुमच्या टाकीतला," त्या म्हणाल्या.

टीव्हीवर टाळ्यांचा कडकडाट चालला होता. बायको उठून बाकाखाली, खिडकीत, टेबलावर रिमोट शोधत होती. तो काही केल्या सापडेना.