कन्यादानाला कोण?

"भावोजी, आपल्या नीलूच्या लग्नाला ती इव्हेंटवाली कशाला? मी आहे की!" थोरल्या वहिनी म्हणाल्या.

वासुदेवची बायको जाऊन वर्ष झालं होतं. मुलीचं कन्यादान दादा-वहिनींनी जोडीनं करायचं, हे सगळ्यांनी त्याला न विचारताच ठरवून टाकलं होतं. दादाला जोडी आहे, हे त्याला त्या दिवसापासून सलत होतं.

भेटायला आलेल्या इव्हेंटवालीनं वही उघडली. "कन्यादानाला कोण बसणार?"

"आम्ही दोघं," वहिनी म्हणाल्या.

"का? वडील आहेत की! पत्नीच्या जागी कमरेला सुपारी खोचायची. आमचे गुरुजी बसवतात."

शेजारी शेजारी बसलेल्या दादा-वहिनींकडे वासुदेवनं आज सरळ पाहिलं.

"काम तुम्हीच करा," तो तिला म्हणाला. "फक्त सुपारी मी आणीन. हिच्या पानाच्या डब्यात अजून चार आहेत."