जेवणारा कार्डिनल

विशाखाने खिळ्यावरून चित्र उतरवलं तेव्हा बाबा झोपलेले होते.

"आवाज करू नकोस," आई दारातून कुजबुजली. "आणि परत आणू नकोस त्याला."

चित्रात एक कार्डिनल, कॅथलिक चर्चचा बडा धर्मगुरू, लाल झग्यात जेवायला बसला होता. गळ्यात रुमाल खोचलेला. चांदीच्या ताटाबाहेर लॉब्स्टरच्या मिशा आलेल्या. घास तोंडापाशी. लोकांना उपास सांगून स्वतः चापून खाणाऱ्या धर्मगुरूंची टर उडवणारी अशी चित्रं एके काळी युरोपात पुष्कळ निघाली. त्यातल्याच एकाची ही नक्कल बाबांनी इथल्या, हॉलंडमधल्या झूटरमेर गावातल्या जुन्या वस्तूंच्या दुकानातून आणली आणि जेवणाच्या टेबलासमोर लावली. पाहुण्यांना ते ओळख करून देत, "हे आमचे गुरुजी. यांना श्राद्धाला बोलवावं लागत नाही, वर्षभर इथेच जेवतात."

आता टेबलाच्या जागी त्यांचा पलंग होता. घशातली गाठ उपचारांच्या पलीकडे गेली होती. पाण्याचा घोटही उतरत नव्हता. पोटातल्या नळीतून दुधासारखं काहीतरी थेंबथेंब जायचं. यापुढे हे असंच, असं हाउसआर्ट्सने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, पलंगाशेजारी बसून स्पष्ट सांगितलं होतं.

त्या दिवसापासून घरात फोडणी बंद झाली. आई आणि विशाखा तळमजल्यावरच्या सायकलींच्या खोलीत जात आणि उभ्याउभ्या पोळीभाजी खाऊन येत. डबा खालीच ठेवत, वास वर यायला नको म्हणून. बाबा विचारत, "जेवलात का गं?" आई म्हणे, "भूकच नाही हो."

आणि कार्डिनल मात्र सकाळ-संध्याकाळ त्यांच्या डोळ्यांसमोर जेवत होता. आईला ते सहन होईना.

त्याच जुन्या वस्तूंच्या दुकानात विशाखाने चित्र काउंटरवर ठेवलं न ठेवलं तोच एका तरुण जोडप्याने ते उचललं. स्वयंपाकघरात लावू म्हणाले, खूप हसले, आणि सायकलला बांधून घेऊन गेले.

ती परतली तेव्हा बाबा जागे होते. रिकाम्या भिंतीकडे बघत होते.

"कुठे गेला गं तो?" आवाज अगदी खोल गेला होता.

"देऊन टाकला, बाबा. तुमच्यासमोर सारखा जेवत बसलेला... आम्हाला बघवत नव्हतं."

"दुकानात असेल अजून?"

"नाही. लगेच गेला."

बाबांनी मान हलवली.

"माझ्यासमोर बसून जेवणारा," ते म्हणाले, "घरात तेवढा एकच उरला होता, विशू."